कोठाराची किल्ली कोणाच्या कमरेला?

(एका गांवीं शेतकरी सोसायटीच्या नव्या गोदामाचा पाया घालण्याच्या प्रसंगीं एका जुन्या सभासदानें केलेलें भाषण.)



नारळ फुटायच्या आधीं चार शब्द बोलावे अशी मला आज्ञा झाली आहे. काल संध्याकाळीं आमच्या आळींतल्या एका तरण्या गड्यानें मला विचारलें, "आबा, गोदामावर भाषण तें काय करणार? चार भिंती, वर पत्रा, पुढें दार. झालें!" वरवर पाहतां त्याचें म्हणणें खरें आहे. देवळाच्या शिखराचें वर्णन करणारे पुष्कळ, वाड्याच्या कोरीव खांबांचें कौतुक करणारे पुष्कळ, किल्ल्याच्या बुरुजांवर तर पोवाडे झाले. कोठाराकडे मात्र कोणी मान वर करून पाहत नाहीं. परंतु मंडळी, देऊळ नसलें तर माणूस झाडाखालीं देव मांडतो. वाडा नसला तर झोंपडींत दिवस काढतो. पण कोठार नसलें तर तो ज्येष्ठ महिन्यांत दुसऱ्याच्या दारांत पदर पसरतो. म्हणून माझ्या मतें गांवांतली सर्वांत महत्त्वाची इमारत कोठार हीच होय.

कोणतेंही कोठार पाहिलें म्हणजे मी तीन प्रश्न विचारतों. ह्यांत पाणी, उंदीर आणि कीड शिरणार नाहीं ना? ह्यांत कोणाचें धान्य शिरणार? आणि ह्याची किल्ली कोणाच्या कमरेला? पहिला प्रश्न गवंड्याचा, दुसरा हिशेबनिसाचा आणि तिसरा सगळ्या गांवाचा. आपल्या पंचांनीं पहिल्याचें उत्तर नकाशांत दिलें आहे. उरलेल्या दोहोंचीं उत्तरें नियमांच्या मसुद्यांत आहेत, आणि त्यांतल्या एका कलमाशीं माझें भांडण आहे. तें कलम शेवटीं सांगेन. आधीं तें भांडण कां, हें समजावून देतों.

माझ्या आजोबांच्या वेळचें पेव मीं लहानपणीं पाहिलें आहे. पेव म्हणजे जमिनींत खणलेला मोठा रांजणच. तोंड माणूस उतरेल एवढेंच, पोट मात्र मोठें. जागा उंचवट्याची, घट्ट मुरमाची, जिला पाझर नाहीं अशी. काळ्या रानांत शहाणा माणूस पेव खणीत नसे. काळी जमीन पावसांत फुगते, उन्हांत फाटते आणि भेगेवाटे पाणी थेट दाण्यापर्यंत जातें. खणून झालें म्हणजे आंत जाळ करून भिंती शेकायच्या, शेणामातीनें सारवायच्या, तळाशीं आणि कडेनें कडबा व भुसकट दाबायचें. मग कडक वाळलेली ज्वारी ओतायची. वर पुन्हा भुसकट, त्यावर दगडाची शिळा, आणि शिळेवर माती लिंपून तोंड बंद.

ह्यांत शास्त्र काय तें पाहा. दाणा हा जिवंत असतो, तो श्वास घेतो. बंद पेवांत दाणा आणि त्यांत चुकून राहिलेली कीड मिळून आंतला प्राणवायु संपवितात व कर्बवायु सोडतात. प्राणवायु संपला कीं कीड गुदमरून मरते. औषध नाहीं, धुरी नाहीं; किडीला तिच्याच श्वासानें मारायचें! म्हणूनच पेव उघडल्याबरोबर आंत उतरत नसत. तोंड मोकळें करून वारा खेळूं द्यायचा, मग दोरीनें पेटता कंदील खालीं सोडायचा. दिवा विझला तर माणसानें उतरायचें नाहीं. घाईनें उतरून प्राणास मुकलेल्या गड्यांच्या गोष्टी जुनीं माणसें सांगत. आज शास्त्रज्ञ हवाबंद पिशव्यांत धान्य सांठवायला शिकवितात, त्यांतलें तत्त्व आमच्या आजोबांच्या पेवांतलेंच आहे.

पेव हें वर्षानुवर्षांच्या बेगमीचें, तर कणगी ही रोजची. आमची आजी निरगुडीच्या आणि तुरीच्या काड्यांची कणगी विणून घेई, आंतून बाहेरून शेणामातीनें लिंपी, आणि दगडांवर उभी करी, म्हणजे खालून ओल व वाळवी लागत नाहीं. खालच्या अंगाला एक भोंक, त्याला चिंध्यांचा बोळा. वरून ओतायचें, खालून काढायचें. जुना दाणा आधीं निघतो, नवा मागें राहतो. बियाणें वेगळें, तें राखेंत घोळून, लिंबाचा पाला घालून मडक्यांत. हें शास्त्र कोणत्या शाळेंत शिकविलेलें नव्हतें. तें बायकांच्या हातांत होतें, आणि आजच्या नकाशावर सही करणाऱ्या पंचांत एकही बाई नाहीं, हें मी जातां जातां नमूद करून ठेवतों.

जशी भुई तशी इमारत. कोंकणांत पाऊस उदंड, तेथें जमिनींत धान्य कोण पुरणार? तेथें पेंढ्याचे मुडे बांधून भात ठेवीत. घाटावरच्या वाड्यांतून घराच्या जाड भिंतींत किंवा भुईंत बळद असे. सांगलीजवळ हरिपूर गांव आहे. तेथल्या जमिनीचा गुण असा कीं तींतल्या पेवांत हळद वर्षानुवर्षें कीड न लागतां राहते. सांगलीची हळदीची पेठ मोठी झाली तिला ह्या पेवांचा आधार होता. परंतु २००५ सालच्या महापुरांत त्या पेवांत पाणी शिरलें आणि पुष्कळ पेवें निकामी झालीं. पिढ्यानपिढ्यांचें कोठार एका पुरांत गेलें. गवंड्यानें हें ध्यानांत ठेवावें, कीं पाण्याची वाट एकदां चुकली कीं मागचा सारा लौकिक फुकट.

पण मंडळी, जुनें तें सोनें म्हणून तुम्हांला झोंपवायला मी आलों नाहीं. पेव चांगलें होतें खरें. पण तें होतें कोणाचें? गांवचीं पेवें हाताच्या बोटांवर मोजावीं इतकीं. पाटलाचें, देशमुखाचें, सावकाराचें आणि दोनचार खात्यापित्या कुणब्यांचें. खळ्यावर रास पडली म्हणजे बलुतेदार आपापलें माप घेऊन जात. महार, मांग, चांभार यांच्या वाट्याला आलेलें धान्य मडक्यांत मावे, आणि संक्रांतीला मडकें वाजूं लागे. ज्यांनीं कापणी केली, मळणी केली, रात्र रात्र खळें राखलें, त्यांच्या हाताचा विटाळ मात्र त्याच धान्याला मालकाच्या घरांत गेल्यावर होई! खळ्यावर विटाळ नाहीं, कणगींत विटाळ! हें गणित कोणत्या पंतोजीनें घातलें कोण जाणे. आणि मग ज्येष्ठांत पेवाचें तोंड उघडे. नेणाऱ्यानें मणभर न्यायचें आणि खळ्यावर दीड मण परत करायचें. ह्याला दिढी म्हणत. पेरायला दाणा नाहीं आणि खायला दाणा नाहीं अशा घरानें काय करावें? दिढीनें काढावें. म्हणजे पेवांत जसा किडीचा श्वास कोंडे, तसा पेवाबाहेर गरिबाचा कोंडे. इमारत तीच, आंतल्याला ती आधार, बाहेरच्याला फास.

आतां घरचें कोठार सोडून राजाच्या कोठाराकडे येऊं. कारण आपलें गोदाम एका घरचें नाहीं, तें सार्वजनिक आहे, आणि सार्वजनिक कोठारांत राजेलोकांचा अनुभव जुना आहे. गोरखपूर जिल्ह्यांत सोहगौरा येथें एक लहानसा ताम्रपट सांपडला आहे. विद्वान तो मौर्यांच्या काळचा, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुना मानतात. त्यावर दोन कोठारांसंबंधीं राजाज्ञा आहे, आणि त्यांतलें धान्य अडीअडचणीच्या काळासाठीं आहे असा तिचा अर्थ लावतात. त्या पत्र्यावर वर कोठाराचें चित्रही कोरलें आहे. खालीं खांब, वर छप्पर. त्या काळींही जोतें उचलून धान्य ओलीपासून राखायची अक्कल होती, आणि हें धान्य कशासाठीं तें धातूवर लिहून ठेवायचीही होती.

दुसरें उदाहरण आपल्या पन्हाळ्याचें. तेथला अंबरखाना पुष्कळांनीं पाहिला असेल. गंगा, यमुना आणि सरस्वती अशा तीन कोठ्या. त्यांत गंगा कोठी सर्वांत मोठी. उंची सुमारें ३५ फूट, आणि तींत २५,००० खंडी धान्य मावे असें सांगतात. बाहेरून दोन्ही अंगांनीं माथ्यावर जायला जिने. आंत सोळा खण, प्रत्येक खणावर कमानीचें छत आणि छताला भोंक. हमालानें पोतें माथ्यावर न्यायचें आणि भोंकांतून ओतायचें. आमच्या आजीच्या कणगीचीच रीत, फक्त दगडाची. १६६० सालीं सिद्दी जोहारानें पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हां शिवाजीमहाराज चार महिन्यांवर आंत टिकून राहिले. तटाला तोफा लागतात, पण तटामागच्या माणसाला भाकरी लागते.

ह्याच महाराजांचें एक पत्र प्रत्येक गोदामाच्या दारावर टांगावें असें आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळुणाजवळच्या छावणींतील आपल्या लष्करी अंमलदारांना त्यांनीं तें लिहिलें. त्याचा मतलब असा: पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा आणि वैरण आतांच उधळाल तर पुढें घोडीं उपाशीं मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरांत शिरून दाणा, भाकरी, गवत, लाकूडफांटा ओढूं लागाल, आणि रयत म्हणेल कीं ह्यांच्यापेक्षां मोगल बरे. आणि दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेतो, ती गवताला लागते, म्हणून रात्रीं दिवे जपा, असेंही त्यांत बजावलें आहे. एका राज्याच्या धन्यानें उंदराच्या तोंडांतल्या वातीची काळजी करावी! कोठाराचा कारभार म्हणजे काय, हें त्या पत्रांत सगळें आलें. सांठा उधळला तर त्याची किंमत नेहमीं कुणबी देतो.

तिसरें उदाहरण उलटें आहे. बंगाल-बिहारांत १७७० सालीं भयंकर दुष्काळ पडून लाखों माणसें मेलीं. पुढें कंपनी सरकारला उपरति झाली आणि कॅप्टन जॉन गार्स्टिन ह्या इंजिनिअरानें पाटण्यास १७८६ सालीं गोलघर नांवाचें प्रचंड कोठार बांधून पुरें केलें. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घुमट, उंची सुमारें ९६ फूट, तळाशीं भिंत १२ फूट जाड, बाहेरून माथ्यापर्यंत वळसे घेत जाणारे १४५ पायऱ्यांचे जिने, वर धान्य ओतायला भोंक. इमारत आजही उभी आहे. ह्या प्रांतांतला दुष्काळ कायमचा टाळण्यासाठीं हें कोठार बांधलें, अशी पाटी तिच्यावर आहे. पण त्याच पाटीवर, हें कोठार पहिल्यानें कोणीं भरून बंद केलें, त्याच्या नांवाची जागा कोरी सोडलेली आहे. ती कोरीच राहिली, कारण कोठार पूर्ण असें कधीं भरलेंच नाहीं. भिंत बारा फूट, पण गांवच्या खळ्यापासून त्या घुमटापर्यंत धान्य आणण्याची आणि तेथून उपाशी माणसाच्या ताटापर्यंत नेण्याची व्यवस्था कोठें होती? मंडळी, नुसती इमारत म्हणजे कोठार नव्हे. दाणा आंत येण्याची वाट आणि योग्य वेळीं बाहेर जाण्याची वाट, ह्या दोहोंमध्यें जें उभें असतें तें कोठार.

आतां आपल्या गांवचीं पेवें कां बुजलीं तें पाहूं. इंग्रजी अमलांत सारा रोखीनें द्यावा लागे. धान्य खळ्यावर आलें न आलें तोंच हप्त्याची तारीख. तलाठी ज्वारी घेत नाहीं, रुपये मागतो. रुपये कोणाजवळ? सावकाराजवळ. म्हणून रास खळ्यावरूनच सावकाराच्या कोठींत जाऊं लागली. १८५३ सालीं मुंबई-ठाणें आगगाडी धांवली आणि पुढें रूळ घांट चढून आले, तेव्हां धान्याला पाय फुटले. पूर्वीं धान्य ही बेगमी होती, आतां तें माल झालें. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतल्या सुप्याच्या बाजारीं शेतकरी उठले आणि गांवोगांव सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले. त्यावरून १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पण रोखा जळला तरी कोठार परत आलें नाहीं. लगेच १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला. दक्षिणेंत माणसें मरत होतीं आणि हिंदुस्थानांतून विलायतेस गहूं जातच होता. आगगाडीनें दुष्काळी मुलुखांत धान्य आणलेंही. पण आणलेलें धान्य विकत घ्यायला गांठीं पैसा हवा, आणि घरच्या पेवांतलें काढायला फक्त हात हवा, हा फरक विसरूं नका. त्या वेळीं सत्यशोधक मंडळींनीं अन्नछत्रें चालविलीं, आणि १८९६-९७ च्या दुष्काळांत शाहू छत्रपतींनीं कोल्हापूर संस्थानांत स्वस्त धान्याचीं दुकानें उघडलीं. त्यांचे उपकार मोठे. परंतु अन्नछत्र हें जखमेवरचें औषध. कोठार ही जखम होऊं न देण्याची युक्ति.

माझ्या बापाची गोष्ट सांगतों. पौषांत ज्वारी घरीं येई. माघांत देणेकरी दारांत. बाप गाडी भरून पेठेंत जाई आणि मिळेल त्या भावानें विकून येई. ज्येष्ठांत तोच बाप रिकामी गाडी घेऊन त्याच दुकानीं जाई आणि दीडपट भावानें ज्वारी आणी. एकदां मीं विचारलें, "दादा, ही आपलीच ज्वारी का हो?" बाप म्हणाला, "ज्वारी आपलीच, पोतें त्यांचें." मंडळी, अर्थशास्त्राचीं पुस्तकें मीं पुढें वाचलीं, पण ह्या उत्तराहून अधिक कांहीं त्यांत सांपडलें नाहीं. आणि १९७२ चा दुष्काळ आला तेव्हां गांवांत एक पेव उघडण्यासारखें नव्हतें. परदेशची तांबडी मिलो खाल्ली आणि मुलांनीं सुकडी खाल्ली. सरकारनें कामें काढलीं म्हणून जगलों. ज्या मुलुखानें ज्वारी पिकवावी त्यानें बोटीच्या मिलोवर दिवस काढावे, हें मीं माझ्या डोळ्यांनीं पाहिलें आहे.

सरकारला हें कळत नव्हतें असें नाहीं. १९२८ च्या शेतकी कमिशनानें गोदामांचा विचार केला. १९५४ सालीं ग्रामीण पतपाहणी समितीनें बजावलें, कीं शेतकऱ्याला नुसतें कर्ज देऊन भागणार नाहीं, माल ठेवायला जागा द्या. त्यावरून १९५६ चा कायदा होऊन १९५७ सालीं मध्यवर्ती वखार महामंडळ निघालें, त्याच सालीं आपल्या राज्याचेंही निघालें. १९६५ सालीं अन्न महामंडळ आलें. १९९०-९१ पासून बाजार समित्यांतून शेतमाल तारण कर्जाची योजना आहे; माल गोदामांत ठेवा, किंमतीच्या तीन चतुर्थांशापर्यंत रक्कम घ्या, भाव आला म्हणजे विका. २००७ च्या कायद्यानें गोदामाच्या पावतीला मोल आलें. नोंदलेल्या गोदामाची पावती हातांत असली तर तिच्यावर बँक पैसे देते. आणि २०२३ सालीं केंद्र सरकारनें गांवच्या सोसायट्यांच्या आवारांतच गोदामें बांधण्याची योजना मंजूर केली, तीपैकीं पहिल्या अकरा गोदामांत एक आपल्या अमरावती जिल्ह्यांतलें आहे. म्हणजे कागद पुष्कळ झाला, आणि तो चांगला आहे.

पण कागद आणि कुणबी यांच्यामध्यें एक दार असतें. दोन वर्षांमागें मी सोयाबीन तारण ठेवायला एका गोदामावर गेलों. कोठल्या, तें विचारूं नका. गाडीभाडें भरून पोंचलों तों उत्तर मिळालें, "जागा नाहीं." आंत डोकावलों, थप्प्या छताला टेकलेल्या. पोत्यांवर शेतकऱ्यांचीं नांवें पाहूं गेलों, तर सगळीं व्यापाऱ्यांचीं. मीं म्हटलें, "बाबा, ही योजना शेतकऱ्यांची ना?" तो हंसून म्हणाला, "आजोबा, तुमचा माल आठ पोतीं. आठ पोत्यांसाठीं थप्पी कोण लावणार?" परतीच्या वाटेवर त्याच पेठेंत मीं तीं आठ पोतीं विकलीं. घेणारा व्यापारी दुसऱ्या दिवशीं तींच त्या गोदामांत ठेवायला गेला असेल, तर मला नवल वाटणार नाहीं.

उलट जेथें कोठार शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानांत आहे तेथें काय होतें, तें नाशिककडच्या कांदा चाळींत पाहा. कांदा ज्वारीसारखा बंद करून चालत नाहीं. त्याला वारा हवा. म्हणून तळ भुईपासून दीड-दोन फूट उचललेला, खालून हवा शिरेल असा, बाजू फटींच्या, वरचें छप्पर उतरतें आणि कडेला पुढें आलेलें, म्हणजे ऊन-पाऊस आंत येत नाहीं, रुंदी चार फुटांच्या आसपास, आणि ढीग पांच फुटांच्या वर नाहीं. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधावी, दुपाखी पूर्व-पश्चिम. अशा साध्या इमारतीनें उन्हाळी कांदा पावसाळा काढतो आणि शेतकऱ्याला चार दिवस थांबतां येतें. सडतो, गळतो, भाव पडतो, हें सारें आहेच. तरी "आज विकत नाहीं" हे तीन शब्द बोलण्याची ताकद त्या चाळीनें त्याला दिली. कोठार म्हणजे दुसरें काय? "आज विकत नाहीं" असें म्हणण्याची जागा.

आतां आपल्या ह्या गोदामाकडे येतों. गवंडीदादांना एवढेंच सांगणें: जोतें अडीच-तीन फूट उंच घ्या, उंदीर उडी मारून चढतां कामा नये. झरोके वर आणि खालीं दोन्ही ठेवा, आणि त्यांना बारीक जाळी लावा. पोतीं फरशीवर थेट नकोत, लाकडी फळ्यांच्या घोडीवर हवीत. भिंतीपासून दोन फूट सुटीं, म्हणजे झाडूवाल्याला आणि तपासणाऱ्याला फिरतां येतें. पागोळीचें पाणी जोत्यापासून लांब न्या. आणि दाणा १२ टक्क्यांहून ओला असेल तर तो पाटलाचा असो कीं पंचांचा, दारांतूनच परत वाळवणीला पाठवा.

आतां तें कलम. मसुद्यांत लिहिलें आहे, "वीस क्विंटलांहून कमी माल स्वीकारला जाणार नाहीं." मंडळी, २०१५-१६ च्या शेतीगणनेप्रमाणें महाराष्ट्रांतल्या शेतकऱ्याच्या वाट्याला सरासरी १.३४ हेक्टर जमीन येते, म्हणजे सुमारें सव्वातीन एकर. बऱ्या वर्षीं एकरीं सात क्विंटल सोयाबीन धरा, आणि सगळ्या रानांत तेंच पेरलें असें धरा. तरी सरासरी शेतकरी ह्या कलमाच्या उंबरठ्यावरच उभा राहतो. त्याच्याहून लहान जे, ते सगळे बाहेर. ह्या सभेंत बसलेल्या त्या माउलीची तूर चार क्विंटल होते. तिनें कोठें जावें? पेठेंत, माघांत, मिळेल त्या भावानें. म्हणजे जुन्या पेवाचा जो दोष मीं सांगितला, तोच आपण सिमेंटांत ओतणार! ज्याला थांबायची खरी गरज तोच बाहेर, आणि ज्याच्या घरीं आधींच जागा आहे तो आंत.

चिटणीस म्हणतील, लहान लहान मालाची हमाली परवडत नाहीं, दहा जणांचीं दहा प्रतींचीं पोतीं वेगळीं ठेवायला जागा लागते. त्यांचा आक्षेप खोटा नाहीं. त्याला माझें उत्तर असें. दारांत चाळणी आणि ओल मोजायचें यंत्र ठेवा. एका जातीचा, एका प्रतीचा, वाळलेला माल एका थप्पींत घाला. वजन मात्र प्रत्येकाच्या नांवें वहींत लिहा आणि प्रत्येकाला पावती द्या. दाणे मिसळले तरी हिशेब मिसळत नाहीं. हमालीचा जो जादा खर्च येईल तो पोत्यामागें सारखा वाटा. मोठ्याला तो जाणवणार नाहीं आणि लहान त्यांत तरेल.

दुसरी सूचना किल्लीची. दाराला दोन कुलपें असावींत. एक किल्ली चिटणीसांकडे. दुसरी सभासदांनीं दरसाल निवडलेल्या एका माणसाकडे, आणि तें माणूस आळीपाळीनें लहान शेतकरी, मजूर व बाई यांतून यावें. आंत किती पोतीं, कोणाचीं, केव्हांपासून, हें दाराबाहेर फळ्यावर खडूनें लिहावें. ज्या कोठाराचा हिशेब बाहेर भिंतीवर असतो त्याला उंदीर कमी लागतात, चार पायांचे आणि दोन पायांचेही.

तिसरी सूचना लहानशी. एक कोपरा धान्यपेढीचा ठेवा. ज्यांना जमीनच नाहीं अशा मजूर घरांना ज्येष्ठांत त्यांतून ज्वारी मिळावी आणि सुगीनंतर त्यांनीं ती शेराला शेर परत करावी, वर घट म्हणून एक मूठ. दिढी नाहीं, सवाई नाहीं. आणि मापाला जो हात लागेल तो कोणत्या आळीचा, हें कोणीं विचारूं नये. ज्या हातांनीं आपल्या राशी उचलल्या त्यांना आपल्या गोदामांत मोकळी वाट असली पाहिजे.

बंधुभगिनींनो, भिंती वर आल्या म्हणजे मग नियम बदलूं, असें कोणी म्हणेल. तें होत नाहीं. एकदां मोठ्या थप्प्या लागल्या कीं लहान पोत्याला जागा करून द्यायला कोणी उठत नाहीं. पाटण्याच्या घुमटावरची कोरी पाटी सव्वादोनशें वर्षांवर कोरीच आहे, कारण भिंतीचा विचार आधीं झाला आणि दाण्याच्या वाटेचा झालाच नाहीं. म्हणून अध्यक्षमहाराजांना माझी विनंती आहे, कीं नारळ फोडण्यापूर्वीं तें वीस क्विंटलांचें कलम सभेपुढें ठेवावें आणि हात वर करून मतें घ्यावींत. मुहूर्त टळेल अशी भीति कोणाला वाटत असेल, तर मी एवढेंच म्हणेन, कीं ज्या दिवशीं चार पोत्यांची धनीण ह्या दारांत ताठ मानेनें उभी राहील, तोच ह्या गोदामाचा खरा मुहूर्त. नारळ पांच मिनिटें थांबेल.